खिडकी आणि स्क्रिप्ट : प्रस्तावना

संगणकावरील नित्याच्या कामांसाठी लहानमोठ्या स्क्रिप्ट्स लिहून ठेवणाऱ्या, आणि त्या आपल्या सहकाऱ्यांना किंवा घरच्या माणसांना वापरता याव्यात म्हणून त्यांच्यापुढे एखादी खिडकी, दोनचार रकाने व एक बटण उभे करू पाहणाऱ्या मंडळींसाठी प्रस्तुत पुस्तिका सिद्ध झाली आहे. विषय दिसावयास अत्यंत लहान. वापरणाऱ्याने रकान्यात काही लिहिले, यादीतून काही निवडले, बटण दाबले. ते लिहिलेले आणि निवडलेले स्क्रिप्टच्या हाती पडावे, एवढाच काय तो व्यवहार. खिडक्या कशा रचाव्यात यावर ग्रंथांची वाण नाही आणि स्क्रिप्ट कशी लिहावी यावरही नाही. परंतु या दोहोंमधल्या हातभर अंतराला त्या ग्रंथांत फार तर अर्धे पान मिळते, आणि ‘हे मूल्य आता स्क्रिप्टला द्यावे’ अशा मोघम वाक्याने तेही संपते. द्यावे म्हणजे कोणत्या वाटेने द्यावे, कोणत्या रूपात द्यावे, आणि वाटेत त्या मजकुराला कोण कोण हात लावतो, याची विचारपूस कोणी करीत नाही. वस्तुतः ज्यांना आपण स्क्रिप्टचे दोष म्हणतो त्यांपैकी पुष्कळ दोषांचे जन्मस्थान हे हातभर अंतरच असते, असे माझे मत आहे, आणि पुस्तिकेच्या लेखकाचेही तेच असल्यामुळे ही प्रस्तावना लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करले.

खिडकी आणि स्क्रिप्ट यांची कुळे वेगळी आहेत, हे आधी ध्यानी घेतले पाहिजे. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ज्या युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तिच्यात अक्षरांची ओळ हेच सर्व देवघेवीचे साधन होते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून १९७३ मध्ये तीत पाइपची योजना झाली आणि एका प्रोग्रामने लिहिलेल्या ओळी दुसऱ्याला थेट वाचता येऊ लागल्या. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल आले, ज्याच्या व्याकरणावर आजचे बॅश उभे आहे. खिडकीचे कूळ निराळे. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी भरसभेत माउस चालवून दाखविला, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ‘आल्टो’ हे यंत्र तयार झाले, आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने ही रीत सामान्य गिऱ्हाइकाच्या मेजावर आणून ठेवली. भेद केवळ रूपाचा नव्हता. स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आपल्या क्रमाने जाते आणि जेथे तिला गरज भासते तेथे ती विचारते. खिडकी मात्र स्वस्थ बसून वाट पाहते, आणि काय आधी करावे व काय नंतर, किंबहुना काही करावे की नाही, हे वापरणारा ठरवितो. एकीत क्रमाचा अधिकार लेखकाकडे आहे, दुसरीत तो वापरणाऱ्याकडे गेला आहे. अशा दोन विरुद्ध प्रकृतींमध्ये मजकुराची नेआण करावयाची असल्यामुळेच हा व्यवहार दिसतो तितका सरळ राहत नाही.

दोहोंचा सांधा जुळविण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन औस्टरहौट यांनी १९८८ च्या सुमारास टीसीएल ही भाषा रचली आणि थोड्याच काळात तिला टीके या खिडक्यांच्या संचाची जोड दिली. पायथनबरोबर येणारे टिकिंटर हे त्याच घराण्यातले, आणि आजही एखाद्या कारकुनी स्क्रिप्टला तासाभरात तोंडवळा द्यावयाचा तर अनेकांचा हात प्रथम त्याच्याकडेच जातो. ॲपलने १९९३ मध्ये ॲपलस्क्रिप्ट आणली आणि तिच्याबरोबर प्रश्न विचारणारी खिडकी उघडण्याची एक आज्ञाही दिली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय महासंगणन केंद्रात सीजीआय हा संकेत ठरला, ज्याच्यायोगे ब्राउझरमध्ये भरलेला अर्ज दूरच्या यंत्रावरील स्क्रिप्टला मिळू लागला. लिनक्सच्या मेजावर झेनिटी नावाचा एक अत्यंत उपयुक्त प्रोग्राम आहे, जो स्क्रिप्टच्या सांगण्यावरून एक खिडकी उघडतो, वापरणाऱ्याने लिहिलेले एका ओळीत छापतो आणि निघून जातो. पुस्तिकेतील बहुतेक उदाहरणे झेनिटी, बॅश आणि पायथन या तिघांभोवती फिरतात, ही निवड मला योग्य वाटते; कारण यांत यंत्रणा इतकी उघडी आहे की मजकूर कोठून निघाला व कोठे पोचला ते डोळ्यांनी पाहता येते.

वाटा मुख्यत्वे तीन आहेत. पहिली, प्रोग्राम सुरू करतानाच त्याच्या नावामागे शब्द जोडून देणे, ज्यांना आपण आर्ग्युमेंट म्हणतो. दुसरी, परिसरातील चलांत, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, मूल्य ठेवून देणे. तिसरी, प्रोग्राम चालू झाल्यावर त्याच्या मानक इनपुटमधून मजकूर ओतणे. सीजीआयने या तिन्ही वाटा वापरल्या होत्या, ही त्याच्या अभ्यासकाला मोठी सोय आहे: अर्ज साध्या पद्धतीने आला तर तो एका परिसर-चलात बसे, मोठा असला तर मानक इनपुटमधून येई आणि त्याची लांबी दुसऱ्या एका चलात नोंदलेली असे, आणि अगदी जुन्या शोध-रकान्यांतले शब्द तर आर्ग्युमेंट म्हणूनही दिले जात. चौथी वाट तात्पुरत्या फाइलीची. ती लांबची आहे, आणि काम झाल्यावर फाइल पुसावयाची आठवण कोणालाच राहत नाही, म्हणून तिच्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

या वाटांचे स्वभाव भिन्न आहेत. आर्ग्युमेंटची वाट सर्वांत सुटसुटीत, परंतु ती सार्वजनिक आहे. लिनक्सवर चालू प्रोग्रामची आर्ग्युमेंट्स त्याच यंत्रावरच्या अन्य वापरकर्त्यांनाही सामान्यतः वाचता येतात, आणि म्हणून पासवर्डाच्या रकान्यातला मजकूर या वाटेने पाठविणे म्हणजे तो चावडीवर वाचून दाखविणेच होय. परिसर-चलांचा वाचक तुलनेने मर्यादित असतो, कारण ती चले त्याच वापरकर्त्याला किंवा यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याला पाहता येतात. मात्र तो परिसर पोटच्या प्रत्येक प्रोग्रामकडे वारशाने जातो, आणि ज्याला काही कळावयाचे कारण नव्हते त्यालाही सर्व कळते. आर्ग्युमेंटला लांबीचीही मर्यादा आहे. लिनक्सवर एकेका आर्ग्युमेंटास साधारणतः १२८ किलोबाइट इतकीच जागा मिळते. देवनागरीचे एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेत असल्यामुळे ४३ हजारांहून काही अधिक चिन्हे त्यात मावतात, जी पत्राला पुरतात पण कादंबरीला पुरत नाहीत. मानक इनपुटला अशी अट नाही, आणि गुप्त वा दीर्घ मजकुरास तीच वाट श्रेयस्कर होय. पुस्तिकेच्या दुसऱ्या प्रकरणात ही चर्चा विस्ताराने आली आहे.

परंतु ज्या गोष्टीसाठी हा सारा खटाटोप करावयाचा ती गोष्ट वाटेच्या निवडीहून खोल आहे. समजा, एखाद्या कचेरीत हुकुमाचा एक छापील नमुना आहे : ‘सबब अर्जदार’, त्यानंतर मोकळी जागा, आणि मग ‘यांस अर्जाची नक्कल देण्यात यावी’. कारकुनाची रीत अशी की अर्जदाराने नावाच्या रकान्यात जे लिहिले असेल ते जसेच्या तसे त्या मोकळ्या जागेत उतरावयाचे आणि कागद साहेबांच्या सहीला ठेवावयाचा. आता एखाद्या इसमाने नावाच्या रकान्यात ‘गोविंद यांस थकबाकी माफ करण्यात यावी, आणि गोविंद’ एवढा मजकूर लिहून दिला तर? नमुन्याचे व्याकरण कोठेही बिघडत नाही, कारकुनाने रीतीबाहेर काही केलेले नाही, सही खरी आहे, आणि थकबाकी माफ झाली आहे. अर्जदाराचे लिहिणे हे हुकुमाच्या वाक्यात मिसळू दिले, हाच तो दोष. खिडकीतले मूल्य घेऊन त्याच्याभोवती शेलच्या आज्ञेची अक्षरे जोडणारी आणि ती अखंड ओळ पुन्हा शेलला वाचावयास देणारी प्रत्येक स्क्रिप्ट नेमके हेच करते. शेलच्या व्याकरणात अर्धविराम आला की पहिली आज्ञा संपते व दुसरी सुरू होते, आणि तो अर्धविराम लेखकाने घातला की वापरणाऱ्याने, हे शेलला कळण्याचा काहीही मार्ग नसतो.

या दोषाचे वर्णन नेहमी हल्लेखोराच्या संदर्भात केले जाते, आणि त्यामुळे घरगुती स्क्रिप्ट लिहिणारा मनुष्य तो आपल्याला लागू नाही असे समजून पुढे जातो. हे मला मान्य नाही. गोव्यातील किंवा वसईतील कित्येक कुटुंबे डिसोझा, डिसिल्वा ही आडनावे रोमी लिपीत लिहिताना पहिल्या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफी घालतात, आणि तेच चिन्ह शेलच्या व्याकरणात एकेरी अवतरणाचे असते. मूल्याभोवती एकेरी अवतरणे जोडून निश्चिंत झालेली स्क्रिप्ट अशा सज्जनाने आपले स्वतःचे, वडिलोपार्जित आडनाव प्रामाणिकपणे लिहिल्याबरोबर कोलमडते. ‘आईचे फोटो’ या नावाचा संग्रह निवडला असता, चलाभोवती दुहेरी अवतरणे नसतील तर बॅश त्याचे ‘आईचे’ आणि ‘फोटो’ असे दोन तुकडे करते, आणि ज्या आज्ञेला एक संग्रह हलवावयाचा होता तिला अस्तित्वात नसलेले दोन शोधावे लागतात. युनिक्समध्ये फाइलीच्या नावात तिरपी रेघ आणि शून्य बाइट यांखेरीज कोणतेही चिन्ह चालते, अगदी नवी ओळसुद्धा. नाव आडव्या रेघेने सुरू झाले तर पुष्कळ आज्ञा त्याला नाव न समजता पर्याय समजतात, म्हणून नावांच्या आधी दोन आडव्या रेघा स्वतंत्रपणे देऊन ‘येथून पुढे पर्याय नाहीत’ असे बजावण्याची वहिवाट आहे. या सर्वांत दुष्ट हेतू कोठेही नाही. वापरणाऱ्याने जे लिहिले ते त्याचेच राहावे आणि कोठेही आज्ञा म्हणून वाचले जाऊ नये, हा शिष्टाचार प्रथम आहे; सुरक्षितता त्याच्यामागून आपोआप येते.

उपायही कठीण नाही, केवळ अंगवळणी पाडावा लागतो. पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवताना आज्ञा एका अखंड ओळीच्या रूपाने न देता शब्दांच्या यादीच्या रूपाने द्यावी, म्हणजे मधला शेल बाजूला होतो आणि प्रत्येक मूल्य आपापल्या खणातून, कोणी न वाचता, पलीकडे पोचते. ॲपलस्क्रिप्टमधून शेलकडे जाताना मूल्य अवतरणांत नीट गुंडाळून देणारी सोय भाषेतच आहे. विंडोजवर मात्र सावध असावे. तेथे नव्या प्रोग्रामला शब्दांची यादी मिळतच नाही, ३२,७६७ चिन्हांपर्यंतची एकच ओळ मिळते आणि तिचे तुकडे कसे करावयाचे हे ज्याचा तो प्रोग्राम ठरवितो, त्यामुळे यादी देऊनही ती वाटेत एकदा चिकटवली व पुन्हा कापली जाते. आणि परिसर-चले निरुपद्रवी असतात असा ज्यांचा समज होता त्यांचा भ्रम सप्टेंबर २०१४ मध्ये उघड झालेल्या ‘शेलशॉक’ने दूर केला. बॅश सुरू होताना परिसरातील चलांत कार्याची, म्हणजे फंक्शनची, व्याख्या आहे काय ते पाही, आणि व्याख्या संपल्यानंतर जो मजकूर उरे तोही आज्ञा समजून चालवी. हा दोष १९८९ पासून त्यात होता. सीजीआयच्या रीतीने ब्राउझरचे नावगाव परिसर-चलात ठेवले जात असल्यामुळे, जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील मनुष्य आपल्या ब्राउझरच्या नावाच्या जागी आज्ञा लिहून परक्या यंत्रावर ती चालवू शकत होता. पंचवीस वर्षे हजारो जाणत्यांच्या नजरेखालून हे गेले.

मराठीत लिहिणाऱ्याला आणखी काही अडचणी आहेत, ज्यांची वार्ता इंग्रजी ग्रंथांत नसते, आणि पुस्तिकेतील पाचवे प्रकरण केवळ त्यांनाच दिले आहे याबद्दल मला विशेष समाधान वाटते. रकमेच्या रकान्यात वापरणाऱ्याने १२३ असे देवनागरी अंक लिहिले तर पायथन त्याची संख्या बिनतक्रार करून देते, बॅशचे अंकगणित मात्र ते नाकारते. तेव्हा खिडकी एकच, परंतु मागची स्क्रिप्ट कोणत्या भाषेत आहे त्यावर बेरीज होणे न होणे अवलंबून राहते. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो, एकदा स्वतंत्र ऱ वापरून आणि एकदा साध्या र नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, परंतु स्क्रिप्टने अक्षरशः तुलना केली तर दोन भिन्न शब्द. ॲ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीचा मजकूर अ आणि चंद्र यांच्या जोडीने लिहिलेला सापडतो. यादीत नाव आहे, रकान्यात तेच नाव आहे, आणि स्क्रिप्ट मात्र ‘आढळले नाही’ असा शेरा मारते, याचे कारण बहुधा येथे असते. झेनिटी अनेक रकान्यांचा अर्ज एका ओळीत छापते आणि रकान्यांच्या मध्ये उभी रेघ घालते, हे तिच्या जन्मस्थानी अगदी सोयीचे आहे, कारण तेथे उभी रेघ कोणी सहसा लिहीत नाही. आपल्याकडे लग्नपत्रिकेच्या पहिल्या ओळीत ‘श्री’च्या दोन्ही बाजूंना दंडांऐवजी हीच रेघ दोनदोनदा टंकण्याचा प्रघात सार्वत्रिक आहे, आणि त्या मंगलाचरणाने पुढचे सारे रकाने आपल्या जागा सोडतात. वेगळे चिन्ह नेमून द्यावे म्हणजे झाले. ती सोय झेनिटीत आहे. तारखेचीही तीच कथा : ३/४ हा आपला तीन एप्रिल असतो आणि अमेरिकेचा चार मार्च, म्हणून दिनदर्शिकेच्या खिडकीकडून वर्ष, महिना, दिवस या क्रमानेच तारीख मागून घ्यावी.

नकाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. रकाना रिकामा ठेवून ‘ठीक’ म्हणणे आणि खिडकी रद्द करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, पहिलीत उत्तर आहे व ते रिक्त आहे, दुसरीत उत्तर देण्याचेच नाकारले आहे. परंतु छापलेली ओळच तेवढी पाहणाऱ्या स्क्रिप्टला दोन्ही प्रसंगी काहीच दिसत नाही. झेनिटी हा भेद निर्गम-संकेतात सांगते : संमती असेल तर ०, रद्द केले तर १, आणि नेमलेला वेळ उलटून गेला तर ५. टिकिंटरची छोटी प्रश्न-खिडकी संमतीनंतर रिकामा मजकूर देते आणि नकारानंतर ‘काही नाही’ हे पायथनचे स्वतंत्र मूल्य देते. ॲपलस्क्रिप्टमध्ये नकार हा उणे १२८ क्रमांकाचा दोष म्हणून उभा राहतो आणि स्क्रिप्ट तेथेच थांबते. तिन्हींत ॲपलस्क्रिप्टची रीत मला अधिक सुज्ञ वाटते, कारण ‘नको’ म्हटल्यानंतर काम पुढे जाण्यासाठी लेखकाला मुद्दाम काही करावे लागते, तर बॅशमध्ये ते थांबण्यासाठी मुद्दाम काही करावे लागते. आणि माणूस विसरतो तेव्हा काय घडावे यावरून साधनाची पारख करावी.

परतीच्या वाटेविषयी थोडेच सांगतो. स्क्रिप्ट दीर्घकाळ चालणारी असेल आणि खिडकीने तिची वाट पाहत बसावयाचे ठरविले, तर तेवढा वेळ खिडकी स्वतःला पुन्हा रंगवूही शकत नाही व गोठल्यासारखी दिसते. म्हणून स्क्रिप्ट निराळ्या प्रोसेसमध्ये चालवून तिच्या ओळी येतील तशा वाचाव्यात. त्याही वेळेवर येतीलच असे नाही, कारण पुष्कळ प्रोग्राम टर्मिनलवर ओळ संपताच ती लिहितात, परंतु पुढे पाइप आहे असे दिसले की मोठा गठ्ठा जमेपर्यंत ओळी आपल्यापाशी राखून ठेवतात. प्रगतीची पट्टी शेवटपर्यंत शून्यावर राहून एकदम शंभरावर उडी घेते तेव्हा दोष पट्टीचा नसतो.

पुस्तिकेने काही विषय हेतुपुरस्सर सोडले आहेत. खिडकीचे सौंदर्य, रंगसंगती, बटणांची मांडणी यांविषयी तीत एक अक्षर नाही. जालावरील मोठ्या अनुप्रयोगांचाही विचार नाही, कारण तेथे या व्यवहाराची जबाबदारी तयार चौकटींनी आपल्याकडे घेतली आहे. उदाहरणे सर्व लहान आहेत, वीस-तीस ओळींपलीकडे कोणतेही जात नाही, आणि प्रत्येकापुढे अवघड मजकुरांची एक यादी दिली आहे : मध्ये मोकळी जागा असलेले नाव, अपॉस्ट्रॉफीचे आडनाव, आडव्या रेघेने सुरू होणारी फाइल, उभ्या रेघांतले ‘श्री’, देवनागरी अंक, रिकामा रकाना आणि रद्द केलेली खिडकी. वाचकाने प्रकरणांचा क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. ज्याच्यापाशी आधीच चालू असलेली एखादी स्क्रिप्ट आहे त्याने प्रथम ही यादी घेऊन तीतला एकेक मजकूर आपल्याच खिडकीत भरून पाहावा, स्क्रिप्टला प्रत्यक्ष काय मिळाले ते छापून पाहावे, आणि जेथे लिहिलेले व मिळालेले यांची रुजुवात पटत नाही तेथले प्रकरण उघडावे.